पट्टी काढा, रंग राखा

मोटार रस्त्यावरून जाते, तेव्हा आधी तिचा रंग डोळ्यांत भरतो. मग तिच्या अंगावरची पट्टी दिसते. दारांवर आडवी पट्टी असते. काचेच्या खाली काळ्या रबराची पट्टी असते. मागे डिकीवर मोटारीचे नाव आणि बिल्ला असतो. या बिल्ल्याला गॅरेजात मोनो म्हणतात. पोळ्याला बैलावर झूल घालतात, शिंगांना गोंडे बांधतात. तसाच हा मोटारीचा साज.

हा साज कधी ना कधी उतरवावा लागतो. दाराला पोचा पडला, पत्रा ठोकायचा झाला, नवा रंग द्यायचा झाला, की आधी पट्टी काढावी लागते. पट्टी जागेवर ठेवून भोवताली रंग मारला, तर तिच्या कडेला रंगाची जाड रेघ उरते. पुढे त्या रेघेपासून रंग सुटू लागतो.

पट्टी काढणे हे काम दिसायला सोपे. म्हणून ते नव्या पोऱ्याला सांगतात. तो जोर लावतो. पट्टी निघते, पण दारावर हातभर ओरखडा उठतो. पट्टी काढण्याची मजुरी ती केवढी! आणि दार पुन्हा रंगवायचे, तर त्याच्या कितीतरी पट खर्च. मालक चिडतो. गॅरेजवाला तो खर्च पोऱ्याच्या पगारातून कापतो. हे टाळता येते. कसे, ते पाहू.

रंग किती जाड असतो?

पत्र्यावर रंगाचा एकच हात नसतो. एकावर एक थर असतात. पहिला थर गंज अडवणारा. त्यावर प्रायमर. त्यावर रंग. आणि सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर. आजच्या बहुतेक मोटारींना कारखान्यात असेच थर देतात.

हे सगळे थर मिळून जाडी किती? सुमारे १०० ते १५० मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. तुमच्या वहीचे एक पान बोटांत धरून पाहा. सगळा रंग मिळून असे एक-दीड पान भरेल. पेचकसाच्या टोकापुढे त्याचा काय टिकाव लागणार?

या पातळ थराखाली लोखंडी पत्रा असतो. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले, की गंज चढतो. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला आणि पाऊस लागला, की गंज धरतो. तो रंगाच्या खालून पसरतो. वरून रंगाला फोड आल्यासारखे दिसते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. म्हणजे रंग नुसता शोभेचा नाही. तो पत्र्याचे रक्षण करतो.

रंग वाचवणारा कागद

रंग सोलून निघण्याची अडचण जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची आवड वाढली. एक रंग मारताना दुसऱ्या रंगावर कागद चिकटवून तो झाकत. कागद काढला, की खालचा नवा रंगही सोलून येई. सगळी मेहनत वाया जाई.

सेंट पॉल या शहरात रिचर्ड ड्र्यू नावाचा तरुण एका कंपनीत नोकरी करी. कंपनी घासकागद बनवी. आज ती थ्री एम नावाने ओळखली जाते. घासकागद घेऊन ड्र्यू मोटारी रंगवणाऱ्यांकडे जाई. त्यांची ही अडचण त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याने प्रयोग केले. १९२५ मध्ये त्याने हलक्या हाताने चिकटणारी आणि अलगद निघणारी कागदी पट्टी तयार केली. तीच मास्किंग टेप. रंगाच्या दुकानात ती आजही मिळते. आपल्या कामात ती लागणारच आहे.

पट्टी कशाने धरलेली असते?

हात लावण्याआधी हे ओळखावे. पट्टी धरण्याच्या मुख्य तऱ्हा तीन.

पहिली तऱ्हा स्क्रू किंवा नट. हे बहुधा लपलेले असतात. दार उघडून त्याच्या कडेला पाहा. डिकीच्या आतून पाहा. बॅटरीचा उजेड पाडा.

दुसरी तऱ्हा क्लिप. क्लिप धातूची असते, नाहीतर प्लॅस्टिकची. मुंबईच्या रस्त्यांवर पूर्वी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या पिढीच्या मोटारींवर धातूच्या चकचकीत पट्ट्या असत. त्या बहुधा क्लिपांवर किंवा स्क्रूवर बसवलेल्या असत. अशा जुन्या मोटारी हौशी लोक अजून जपतात. त्यांची पट्टी वाकली, तर दुसरी सहज मिळत नाही.

तिसरी तऱ्हा डबल टेप. ही दोन्ही बाजूंनी चिकटते आणि मधे फोम असतो. आजच्या मोटारींचे मोनो आणि दारावरच्या पट्ट्या बहुधा हिच्यावरच बसवतात.

कधी कधी एकाच पट्टीला दोन तऱ्हा असतात. मधे टेप आणि टोकाला स्क्रू. टेप सुटली म्हणून ओढायला जावे, तर टोकाचा स्क्रू पट्टी मोडतो. म्हणून दोन्ही टोके तपासावीत. कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक मिळाले, तर त्यातले चित्र पाहावे.

जोर कुठे पडतो?

समजा, पोऱ्याने पेचकस पट्टीच्या कडेत घातला आहे. मेस्त्री त्याचा हात धरतात.

"मेस्त्री, पट्टी हलतेय की! जरा जोर लावला तर निघेल."

"निघेल रे बाबा. पण पेचकस टेकलाय कशावर, ते बघ."

"रंगावर."

"मग तू वर जेवढा जोर लावशील, त्याचा दाब खाली कुणावर पडेल?"

पोऱ्याने पेचकस खाली ठेवला.

मेस्त्रींचे म्हणणे खरे आहे. पहारीने दगड हलवताना पहार जिथे टेकते, तिथली माती दबते. इथे मातीच्या जागी रंग आहे. म्हणून लोखंडी अवजार नको. प्लॅस्टिकची रुंद पाचर घ्यावी. ती जिथे टेकेल, तिथे आधी टेप लावावी आणि वर कापडाची घडी ठेवावी.

काम कसे करावे?

आधी मोटार साबणाच्या पाण्याने धुवावी. पट्टीच्या कडेला धूळ आणि वाळूचे कण बसलेले असतात. ते न धुता काम केले, तर प्रत्येक कण रंगावर रेघ ओढतो. मग जागा कोरडी करावी.

पट्टीच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावावी. तिचे दोन थर द्यावेत. याने रंग झाकला जातो. पट्टी पुन्हा कुठे बसवायची, त्याची खूणही राहते.

आता पट्टीला ऊब द्यावी. ऊब मिळाली, की टेपचा चिकटपणा सैल होतो. थंडीत प्लॅस्टिकची क्लिप कडक असते आणि कटकन मोडते. ऊब दिली, की ती थोडी वाकते. केस वाळवण्याचे ड्रायर यंत्र पुरते. हीट गन असेल, तर ती मंद ठेवावी. हात एका जागी थांबवू नये. जागा गरम लागावी, पण बोट ठेवता यावे. बोट ठेवता येत नसेल, तर ऊब जास्त झाली. दिवा, बत्ती किंवा गॅसची ज्योत कधीही लावू नये.

टेपवर बसवलेली पट्टी दोऱ्याने कापावी. मासे धरायच्या गळाची नायलॉन दोरी घ्या. तिची दोन टोके दोन काड्यांना गुंडाळा, म्हणजे बोटे कापणार नाहीत. दोरी पट्टीच्या मागे घाला आणि करवतीसारखी पुढेमागे ओढा. दोरी फोममधून जावी, रंगावर घासू नये. मधेच दोरी अडली, तर थांबा. काही बिल्ल्यांना मागे खुंट्या असतात. त्या पत्र्याच्या भोकात बसतात. तिथे दोरी ओढून उपयोग नाही. दोन्ही बाजूंचा फोम कापून बिल्ला सरळ बाहेर ओढावा.

क्लिपची पट्टी एका टोकाला धरून कधीही ओढू नये. क्लिप जिथे आहे, तिच्या अगदी जवळ पाचर घालावी. एक क्लिप सुटली, की पुढची. लांब पट्टी असेल, तर दुसऱ्याला दुसरे टोक धरायला सांगावे. एकट्याने ओढली, तर ती मधे मुडपते आणि ती मोड जात नाही.

चिकट उरले तर?

पट्टी निघाली, की मागे फोम आणि चिकट राहते. ते ब्लेडने खरवडू नये. थोडी ऊब देऊन अंगठ्याने चोळावे. त्याच्या गोळ्या होऊन निघतात. उरलेल्यावर कापडाला थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून पुसावे. आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. थिनर वापरू नये. नंतर दिलेल्या रंगाला तो खातो. रॉकेल लावताना पत्रा थंड झालेला असावा. हीट गन बंद करून दूर ठेवावी. जवळ विडी पेटवू नये. शेवटी साबणाने धुवावे.

मालकाला आधी सांगा

एवढी काळजी घेऊनही कधी कधी रंग निघतो. मोटार पूर्वी ठोकलेली असते. पत्र्यावर लांबी भरून वर रंग दिलेला असतो. हा रंग कारखान्यातल्या रंगाइतका घट्ट धरत नाही. पट्टीबरोबर त्याचा पापुद्रा सुटतो.

शिवाय बाकीचा रंग वर्षानुवर्षे उन्हात फिका पडतो. पट्टीखालचा तसाच ताजा राहतो. पट्टी काढली, की तिची सावली दारावर दिसते. ही कामगाराची चूक नव्हे.

पण हे काम झाल्यावर सांगितले, तर सबब वाटते. म्हणून हात लावण्याआधी मालकाला बोलवावे. जुने ओरखडे, भरलेली लांबी, सुटलेला रंग त्याला दाखवावा. "साहेब, इथला रंग निघण्याचा संभव आहे," असे स्पष्ट सांगावे. कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. लिहिता-वाचता येण्याचा हा रोजचा उपयोग आहे. लिहिलेला कागद असला, की विनाकारण पगार कापला जात नाही.

कुठे पत्रा उघडा पडलाच, तर तो लपवू नये. जागा कोरडी करून त्याच दिवशी प्रायमर लावावा आणि वर रंगाचा हात द्यावा.

पट्टी पुन्हा बसवताना

पट्टीची मागची बाजू आणि पत्रा, दोन्ही स्वच्छ हवेत. तेलाचा अंश राहिला, तर टेप धरत नाही. नवी डबल टेप लावावी. जुनी पुन्हा वापरू नये. मोडक्या क्लिपाही बदलाव्यात. पट्टी खुणेवर ठेवून सगळीकडे नीट दाबावी. टेपची पूर्ण पकड यायला सुमारे तीन दिवस लागतात. निदान एक दिवस तरी मोटार धुऊ नये, असे मालकाला सांगावे.

लक्षात ठेवा

१. आधी पट्टी कशाने धरली आहे ते पाहा.
२. धुवा, पुसा, टेप लावा.
३. ऊब द्या, ज्योत नको.
४. टेपला दोरा, क्लिपला पाचर. रंगाला लोखंड लावू नका.
५. निघत नसेल, तर जोर वाढवू नका. थांबा आणि पुन्हा पाहा.
६. जे बिघडण्यासारखे आहे, ते मालकाला आधी दाखवा.