घेतलं ते परत केलं का?

आज नेकनूरहून बोलतोय. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल असतं. त्यातले ड्रायव्हर एकच वस्तू वाटून वापरतात, म्हणून वस्तूगणिक एक आकडा: घेतली की एकने वाढवा, सोडली की एकने कमी करा. शून्य झाला की मेमरी मोकळी.

लग्नात मंडपवाल्याची भांडी आणतो ना, तसंच. कार्य नीट उरकलं तर भांडी मोजून परत जातात. मधेच गडबड झाली की एखादं पातेलं राहतंच.

ड्रायव्हरमध्येही गळती बहुतेक तिथेच सापडते. डिव्हाइस-ट्रीवरचा लूप दर फेरीला नोड स्वतः घेतो, स्वतः सोडतो. पण एरर आली आणि मधूनच रिटर्न केलं, तर शेवटचा नोड अडकतो. तिथे ‘ओएफ-नोड-पुट’ आपणच लिहायचं. एकदाच हं! दोनदा लिहिलं तर वापरातली मेमरी सुटते.

गळती किरकोळ वाटते? २०१६ मध्ये उघड झालेल्या कर्नलच्या की-रिंगमधल्या चुकीत आकडा वाढत वाढत फिरून शून्यावर आणता येत होता, आणि साधा यूझर रूट होऊ शकत होता.

म्हणून मी कोड वाचताना आधी प्रत्येक रिटर्न शोधतो. तुम्हीही शोधा. भेटू पुढच्या भागात!