बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटत नाही

"म्हणजे भाऊच्या धक्क्यावर किती वाजता पोचायचं?" क्रूझचं ठरलं की घरातले आजोबा हमखास हा प्रश्न विचारतात. त्यांची चूक नाही. त्यांच्या वेळची कोकणबोट तिथूनच सुटायची आणि पावसाळ्यात बंद असायची. आज त्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आणि रेवसच्या लाँच सुटतात. क्रूझ सुटते बॅलार्ड पिअरवरून. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीवर जायचंय' सांगितलंत, तर तो माझगावला नेऊन सोडू शकतो.

क्रूझबद्दलचे बाकीचे गैरसमजही बहुतेक असेच, जमिनीवरचे. जहाजावर चढल्यावर फारसं काही चुकत नाही. चुकतं ते त्याच्या आधी.

"जहाज संध्याकाळी सुटतं, जेवून आरामात निघू." जहाज सुटण्याची वेळ आपल्या कामाची नसते, चेक-इन बंद होण्याची असते, आणि ती बरीच आधीची असते. विमानतळासारखीच सामानाची तपासणी, ओळखपत्रं, रांग. त्या वेळेपासून उलटं मोजत घरापर्यंत यायचं. मुलुंड-घाटकोपरकरांचं नशीब चांगलं. चेंबूरला ईस्टर्न फ्रीवेवर चढलं की गाडी थेट पी. डि'मेलो रोडवर उतरते आणि तिथून बॅलार्ड पिअर जवळ. अंधेरीकरांना मेट्रो १ने मरोळ नाक्याला येऊन मेट्रो ३ धरता येते. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते, सीएसएमटीला उतरायचं. बोरिवलीकरांनी चर्चगेट फास्टचा मोह टाळावा. चार बॅगा, आजी आणि कडेवरचं मूल घेऊन फास्ट लोकलमध्ये शिरणं हा साहसी खेळ आहे, आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नसतात. रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढे येत नाही, हे मुंबईकराला सांगायला नको. पण बाहेरगावाहून आलेले पाहुणे सोबत असतील तर जरूर सांगा. परतीचा दिवस रविवार असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

"तिकिटात सगळं आलं." जेवण, नाश्ता, पोहण्याचा तलाव, रात्रीचे बरेचसे कार्यक्रम साधारणपणे येतात. पण जाहिरातीतल्या आकड्यात बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवकवर्गाची बक्षिसी बहुधा नसते. मद्य, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. शिवाय तो दर माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेला असतो. एकट्या राहणाऱ्या आत्याला पूर्ण केबिनचा भार पडतो. उलट तिसऱ्या-चौथ्या माणसाला दर कमी लागतो. म्हणून चौघं एका केबिनमध्ये कोंबायचा बेत होतो आणि आजोबांच्या वाट्याला भिंतीतून उघडणारी वरची बर्थ येते. रेल्वेत अप्पर बर्थ नको म्हणून टीसीच्या मागे लागणारे आपण, इथे मात्र बुकिंग करताना विचारत नाही.

सिंगापूरसारख्या परदेशी क्रूझच्या पॅकेजवर टीसीएस हा कर आगाऊ घेतला जातो. तो बुडीत खर्च समजून काही घरं हिशेबातच घाबरतात. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि आयकर रिटर्न भरताना वजा करून घेता येतो. त्या क्रूझला व्हिसाचं भान मात्र हवं. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तिथेच येतं, त्यामुळे दोनदा प्रवेश देणारा व्हिसा लागतो.

"देशातल्या देशात कागद कशाला?" प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंसुद्धा, आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळायला हवं. लग्नानंतर आधार बदललं नसेल तर बुकिंगही माहेरच्या नावाने करावं. लक्षद्वीपची क्रूझ असेल तर केंद्रशासित प्रदेशाचा प्रवेश परवाना लागतो, भारतीयांनाही. नातू अमेरिकेत जन्मलेला आणि तिकडच्या पासपोर्टचा असेल, तर पैसे भरण्याआधी त्याची वेगळी चौकशी करा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ आणि २४ आठवड्यांपुढची गर्भवती यांना घेत नाहीत. हा नियम धक्क्यावर कळला तर अख्खं कुटुंब बॅगांसकट परत फिरतं.

आता गोव्याचं. आपल्यापैकी कितीतरी घरांचं कुलदैवत फोंड्याच्या बाजूला. म्हणून "जाताजाता मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला ओटी भरून येऊ" असा बेत ठरतो. जहाज पणजीला नव्हे, वास्कोजवळ मुरगाव बंदरात लागतं. तिथून फोंडा जायला तासभर, यायला तासभर. उतरायची रांग, टॅक्सी मिळेपर्यंतचा वेळ, देवळातली गर्दी आणि परत चढायची मुदत जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. एक देऊळ होतं, दोन होत नाहीत. कळंगुट त्याच दिवशी तर विसरा. मुदत चुकली तर जहाज थांबत नाही. पुढे रेल्वेने किंवा बसने आपल्या खर्चाने घर गाठायचं.

"मला बोट लागते, मी नाही येत," असं म्हणणाऱ्या सासूबाईंना समजावता येतं. २०२१ पासून मुंबईहून फिरणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे, म्हणजे साधारण दहा डब्यांच्या लोकलएवढं. एवढं जहाज मांडव्याच्या लाँचसारखं उसळत नाही. झोका सगळ्यात कमी लागतो तो मधल्या भागात, खालच्या मजल्यांवर. सी-सॉच्या मधोमध बसल्यावर लागतो तसा. म्हणजे बाल्कनीची वरची महाग केबिन त्यांच्यासाठी चांगली असेलच असं नाही. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी, डॉक्टरांना विचारून. पावसाळ्यात सवलत मिळेल म्हणून थांबू नका; अरबी समुद्र खवळतो आणि जहाज पूर्व किनाऱ्यावर जातं. जून २०२३ मध्ये हेच जहाज चेन्नईहून श्रीलंकेला निघालं होतं.

फोनचं थोडक्यात: किनारा दिसेनासा झाला की एअरप्लेन मोड. नाहीतर फोन जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि गोव्याच्या सहलीला परदेशी रोमिंगचं बिल येतं.

सुटण्याआधी भोंगा वाजतो आणि सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीसाठी ठरलेल्या जागी बोलावतात. "नाटक आहे, आपण बुफे गाठू," असं म्हणू नका. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली; कोकणातल्या घरांत ती आठवण अजून आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला घासलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. पूर्वी चोवीस तासांची सवलत असे; २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ही कवायत करावीच लागते. लहान मुलांना आपल्या लाइफबोटीचा क्रमांक पाठ करायला लावा, त्यांना मजा वाटते.

राहता राहिलं सामान. चढताना बॅगा धक्क्यावर देतो आणि केबिनमध्ये त्या काही तासांनी येतात. म्हणून आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली घरीच ठेवा; आगीच्या भीतीने जप्त होतात. आणि शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर भेटतात. सकाळचे कपडे त्याआधी बाजूला काढायचे. एकदा आमच्या ओळखीतले एक काका शिस्तीने सगळं भरून मोकळे झाले, आणि सकाळी चट्ट्यापट्ट्यांच्या नाइट पँटमध्ये बॅलार्ड पिअरवर उतरले. त्यांची बॅग सगळ्यात शेवटी आली.