अडीच तासांचें अंतर

शांघायमध्यें बिऱ्हाड थाटतांच चोवीस तासांच्या आंत आम्हांस पोलिसांकडे निवासाची नोंद करावी लागली. २०१३ पासून अमलांत असलेल्या कायद्यानें परकीयांस तें बंधन आहे. डाळतांदूळ मिळाले; अडलें तें घड्याळापाशीं. चीनभर एकच वेळ, आणि ती भारताहून अडीच तास पुढें. पुण्यास सासूबाई सातला देवापाशीं दिवा लावून नातीस शुभंकरोति म्हणावयास दूरध्वनीवर हांक मारीत, तों येथें साडेनऊ वाजून ती निजलेली असे. शेजारच्या वृद्धेस मात्र ती दिवसभर ‘नायनाय’ म्हणे. चिनी भाषेंत ही बापाची आई. आईची आई ती ‘वायपो’. परक्या वृद्धेसही मुलें मायेनें नायनायच म्हणतात, हें आम्हीं परोपरीनें समजावलें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. हल्लीं त्या भर उन्हांत साडेचारलाच दिवा लावतात.