गुडघ्याची गादी, खुब्याचा गोळा: पुन्हा वाढतो का?

बुद्ध पौर्णिमेला त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशी अनेक वयस्क माणसे खालीच बसलेली दिसतात. वर जायचे मन असते, पण गुडघे साथ देत नाहीत. डॉक्टर ज्याला 'गादी झिजली' म्हणतात ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मोडलेले हाड जुळते तशी ती आपोआप भरून येत नाही.

१९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी यावर एक वाट दाखवली. गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून कूर्चेचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि झिजलेल्या खड्ड्यात भरायच्या. हे तरुण रुग्णाच्या, एखाद्याच जागी झालेल्या इजेसाठी आहे. पूर्ण झिजलेल्या म्हाताऱ्या गुडघ्याला सांधेबदलच लागतो. 'स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, गादी नवी होईल' अशा जाहिरातींवर आईवडिलांची बचत घालू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सांध्यासाठी असा स्टेम सेल प्रयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो.

आपल्या तरुणांचा खरा प्रश्न मात्र खुब्याचा आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की तो आतून मरतो आणि पुढे खचतो. याला एव्हीएन म्हणतात. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची ठाऊक असलेली कारणे. कोविडनंतर मुंबईतही असे रुग्ण आढळले. तिसरे कारण सिकलसेल. नागपुरात शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली त्याची नोंद केली. विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत आणि नाशिक-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत तो आजही आहे. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि ऐन विशीत खुबा दुखू लागतो. घरचे म्हणतात, वात असेल.

मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या 'ऑसग्रो' या उपचाराला २०१७ मध्ये भारतात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून हाड घडवणाऱ्या पेशी वाढवून त्या गोळ्यात सोडतात. पण गोळा खचण्याआधीच त्याचा उपयोग. खर्चही सामान्य घराला न झेपणारा, आणि यावर आपण बोलायला हवे.

सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्येच दोष दिसतो. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाची जांघ दुखत असेल, लंगडत असेल, तर एमआरआय मागा. विहारात आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी साखर-रक्तदाबासोबत सिकलसेलची चाचणीही ठेवावी. बोटाच्या एका थेंबावर ती होते.