बीडाच्या टेबलावर गंज : दोष गळक्या छपराचा नव्हे, हवेचा

पावसाळ्याच्या तोंडावर फर्निचरच्या कारखान्यांत छपरावर ताडपत्री चढते, पन्हळी साफ होतात, यंत्रे भिंतीपासून दूर सरकवली जातात. तरीही पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रंधा मशीनच्या किंवा गोल करवतीच्या गुळगुळीत टेबलावर तांबूस ठिपके उमटू लागतात. पाण्याचा थेंबही न लागता लोखंड गंजते कसे, असा प्रश्न अशा वेळी पडतो. पण थेंब लागलेला असतो. तो छपरातून न येता हवेतून आलेला असतो, एवढेच.

ही टेबले बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असतात. बीडात साधारण अडीच ते चार टक्के कर्ब असतो आणि त्यातील बराचसा ग्रॅफाईटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. यंत्राची थरथर शोषून घेण्याचा बीडाचा गुण या पापुद्र्यांमुळे येतो. साच्यातून निघालेल्या ओतीवावर एक खडबडीत कवच असते आणि खालच्या भागावर रंगही चढवलेला असतो. वरचा पृष्ठभाग मात्र तासून सपाट केलेला आणि उघडा. त्यावरून लाकूड सरकायचे असल्याने तो रंगवता येत नाही. यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग असा सर्वांत असुरक्षित राहतो.

गंजाचा प्रश्न केवळ दिसण्यापुरता नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पृष्ठभाग फुगतो, खरखरीत होतो आणि लाकूड अडकू लागते. अडकलेली फळी पुढे रेटण्यासाठी कारागीर जास्त जोर लावतो, आणि ती एकाएकी सुटली की हात पात्याच्या दिशेने जातो. टेबल निसरडे असणे ही बोटांच्या सुरक्षिततेची बाब आहे, हे मालकांनी ध्यानात घ्यायला हवे.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. मुंबईत जुलैमध्ये ती सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते, आणि किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याची भर पडते ती वेगळीच. त्यात बीडाचे जड टेबल सावकाश तापते. रात्रभराच्या पावसाने ते थंड झालेले असते. सकाळी उघडीप होऊन शटर वर जाते आणि बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २७ अंशांच्या टेबलावर दव धरते. फरक अवघा तीन अंशांचा! फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसाच हा प्रकार; फक्त पाण्याचा थर इतका पातळ असतो की तो डोळ्यांना दिसत नाही.

येथे दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभाचे उदाहरण हमखास दिले जाते. तो सुमारे सोळाशे वर्षे टिकला हे खरे. पण ते घडीव लोखंड आहे आणि त्यात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे स्तंभावर संरक्षक थर तयार झाल्याचे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून पुढे आले. शिवाय दिल्लीची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. आपल्या बीडाला हे दोन्ही लाभ नाहीत.

गाडीतून काढलेले जळके ऑईल टेबलाला फासण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडून दिलेली बरी. त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा असतो, आणि सागवानावर पडलेले त्याचे डाग पॉलिशच्या वेळी त्रास देतात. प्लास्टिकचा कागद थेट अंथरणेही घातकच, कारण त्याखाली धरलेले दव वाळत नाही. ओल्या लाकडाची थप्पी, भुशाचा ढीग, चहाचा ग्लास किंवा घामेजला तळहात यांपैकी काहीही टेबलावर रात्रभर ठसा उमटवू शकते. फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली त्याच खोलीत ठेवणे तर गंजाला आमंत्रणच. तिच्या वाफा झाकणातूनही निसटतात.

रोजच्या वापरातील टेबलाला मेण सर्वांत सोयीचे. डबीत मिळणारे लाकडाचे घट्ट मेण-पॉलिश स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर पातळ लावावे, वाळून धुरकट दिसू लागले की कोरड्या फडक्याने घासून काढावे आणि दुसरा हात द्यावा. लाकूडही सहज सरकते. मात्र पॉलिशमध्ये सिलिकॉन नसावे. ते लाकडावर उतरले तर त्यावर रंग किंवा लॅकर नीट धरत नाही. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी हा उपचार पुन्हा करावा लागतो. कारागीर गणपतीला गावी जातात आणि यंत्रे आठवडा-दहा दिवस बंद राहतात, तेव्हा मेणावर विसंबून चालत नाही. त्या काळापुरता ताज्या मशीन ऑईलचा जाडसर थर द्यावा आणि कामाला लागण्यापूर्वी तो पुसून घ्यावा.

यंत्राच्या पोटात बल्ब लावून ऊब देण्याची युक्ती शास्त्राला धरून आहे. टेबल भोवतालच्या हवेपेक्षा थोडे उबदार राहिले की दव धरतच नाही. पण जेथे भुसा साचतो तेथे तापलेला बल्ब म्हणजे आगीचा धोका, म्हणून पोट पूर्ण साफ करता येत असेल तरच हा मार्ग धरावा. ओलावा शोषणारे विजेचे यंत्र बंद खोलीत उपयोगी पडते, उघड्या शेडमध्ये त्याचे बिल तेवढे वाढते.

गंज चढलाच असेल, तर हिरवी नायलॉनची घासणी आणि थोडे रॉकेलसारखे पातळ तेल पुरते. घासताना हात लांब आणि एकाच दिशेने चालवावा. हट्टी डागांसाठी बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून वापरावा. ग्राइंडरची चकती मात्र अजिबात नको. ती काही सेकंदांत खळगा पाडते आणि टेबलाचा सपाटपणा कायमचा जातो. पुराचे पाणी शिरलेल्या यंत्राची बाब वेगळी आहे. त्याचा विजेचा पुरवठा तोडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, यंत्र त्याच दिवशी वाळवून तेल द्यावे, आणि मोटर जाणकाराने तपासल्याखेरीज बटण दाबू नये.