केक कोसळतो तेव्हा

एप्रिल महिन्यातील एक सकाळ. बेळगावातील एका घरासमोरून मोटार निघते. मागच्या आसनावर बसलेल्या मुलीच्या मांडीवर पुठ्ठ्याचा मोठा खोका आहे आणि त्या खोक्यात तिने आदल्या रात्री जागून तयार केलेला दुमजली केक आहे. गोव्यात साखळीला राहणाऱ्या तिच्या आजोबांना आज ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. जांबोटी, कणकुंबी ही गावे मागे पडतात. चोर्ला घाटाची वळणे सुरू होतात आणि संपतातही. केरीजवळ एका गतिरोधकावर गाडी जराशी उसळते. आवाज काहीच होत नाही. केक आवाज न करताच कोसळतो. साखळीच्या घरी ओसरीवर खोक्याचे झाकण उघडले जाते, तेव्हा वरचा मजला एका अंगाला घसरून पुठ्ठ्याच्या भिंतीला टेकलेला दिसतो. वरची अक्षरे ओघळलेली असतात. ‘आजोबा’ या शब्दातील ‘आ’ तेवढा शाबूत उरलेला असतो.

असे प्रसंग आता अनेक घरांत घडतात. वाढदिवसाला पूर्वी औक्षण आणि गोडाचा शिरा एवढ्यावर भागत असे. आता औक्षणही होते आणि केकही कापला जातो. दुकानातून आणलेला केक मोडला तर मनाला फार लागत नाही; दुकानदाराला दोष देता येतो. घरी केलेल्या केकची गोष्ट निराळी आहे. त्यात करणाऱ्याचे रात्रभराचे श्रम असतात, कोणाच्या तरी मायेपोटी घेतलेला त्रास असतो आणि तो चारचौघांसमोर उघडला जायचा असतो. म्हणूनच त्याचे मोडणे हे केवळ एका पदार्थाचे नुकसान ठरत नाही.

मराठी स्वयंपाकघरात बिघडण्याला नेमके शब्द आहेत. दूध नासते, पाक पुढे जातो, पुरणपोळी फुटते, आणि तुपात सोडलेला अनारसा विरघळून पसरला तर तो ‘हसला’ असे म्हणतात. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून केलेल्या अनारशाच्या अशा फजितीला हसण्याचा शब्द योजणाऱ्या गृहिणींच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडीच. केक आपल्याकडे उशिरा आला, तरी त्यालाही दोन शब्द मिळाले आहेत. भट्टीत फुगलेला केक मध्यभागी खचला तर तो ‘बसला’ असे म्हणतात. बाहेर आल्यावर, रचल्यावर किंवा प्रवासात त्याची घडण मोडली तर तो ‘कोसळला’. बसलेल्या केकचे दोष पिठात आणि आचेत शोधावे लागतात. कोसळलेल्या केकमध्ये पीठ व आच बहुधा निर्दोष असतात. तेथे उष्णता, भार आणि गती यांचा विचार करावा लागतो.

केकचा स्पंज म्हणजे असंख्य सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे होय. अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील पिष्ट भट्टीतील उष्णतेने घट्ट होतात आणि त्या पोकळ्यांच्या भिंती तयार होतात. मात्र गरम असताना या भिंती अगदी मऊ असतात. केक पूर्ण निवल्यावरच त्यांना खरा ताठपणा येतो. घाईघाईने कोमट केकवर क्रीम चढवले, तर आतली वाफ वर येऊन क्रीम सैल करते आणि खालचा स्पंजही भार सोसण्यास तयार नसतो. साखरेचे पाणी शिंपडून केक ओलसर करण्याची पद्धत चवीला उत्तम, पण ओला स्पंज जड होतो आणि दुबळाही. दुमजली केकमध्ये असा ओला स्पंज खाली असेल, तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच तो दबू लागतो.

बाहेरचे आवरण हा याहूनही नाजूक भाग आहे. लोणी आणि पिठीसाखर घोटून केलेले बटरक्रीम थंड असेपर्यंत भिंतीसारखे उभे राहते. परंतु लोणी वितळण्यास ३२ ते ३५ अंश सेल्सिअस एवढीच उष्णता पुरते आणि त्याच्या बरेच आधी ते मऊ पडू लागते. फेटलेल्या क्रीममध्ये हवेच्या बुडबुड्यांना स्निग्धांशाच्या कणांचा आधार असतो. तो स्निग्धांश उष्णतेने पातळ झाला की बुडबुडे सुटे होतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारणतः २५ टक्के असतो. फेटल्यावर नीट उभे राहण्यासाठी तो ३० टक्क्यांहून अधिक लागतो. म्हणून केक करणारे पुष्कळ जण वनस्पती तुपासारख्या स्निग्धांशापासून बनवलेले व्हिपिंग क्रीम वापरतात. ते अधिक काळ टिकाव धरते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मात्र तेही हार मानते. अशा मोटारीतील तापमान ५० अंशांच्याही वर जाऊ शकते.

उरला गतीचा प्रश्न. गाडी थांबते, पण गाडीतील वस्तू पुढे जाऊ पाहते. शाळेत शिकलेला जडत्वाचा नियम तो हाच. चालकाने ब्रेक लावला की खोक्याला चिकटलेला खालचा मजला थांबतो आणि वरचा मजला पुढे सरकतो. दोहोंच्या मधले मऊ पडलेले क्रीम त्या वेळी वंगणाचे काम करते. वळणावर हेच आडव्या दिशेने घडते. मांडीवर खोका धरणे सर्वांत सुरक्षित वाटते, पण ते तसे नाही. मांडी सपाट नसते, ती गाडीबरोबर हलते आणि अंगाची ऊबही खालून लागत राहते. बेळगावची मुलगी काचा उघड्या ठेवून निघाली होती. घाट उतरून खाली येईपर्यंत ऊन तापले, लोणी सैल पडले आणि गतिरोधकाने शेवटचे काम केले. दोष एका धक्क्याचा नव्हता.

केकला प्रवास मुळीच मानवत नाही असे नाही. केरळात थलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये नाताळचा केक तयार केला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्याने त्यांना नमुना म्हणून दिलेला केक इंग्लंडहून आणलेला होता, असे सांगतात. तो केक समुद्र ओलांडून आला, कारण तो सुक्या मेव्याचा, घट्ट आणि दमदार होता. त्यावर कोसळण्याजोगे काही नव्हते. गोव्याचा बेबिंकाही असाच. नारळाचा रस, अंड्यातील पिवळा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे थर एकावर एक भाजून तो केला जातो. प्रत्येक थर खालच्या थराला भाजतानाच चिकटतो, त्यामुळे घसरण्याची भीती नाही. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. क्रीमचा उंच केक ही त्या मानाने घरगुती शीतकपाट आल्यानंतरची चैन आहे आणि शीतकपाटाबाहेर ती फार काळ तग धरत नाही.

दूर न्यायचा केक आदल्या रात्री शीतकपाटात ठेवून चांगला घट्ट होऊ द्यावा. दोन मजले असल्यास वरच्या मजल्याखाली पुठ्ठ्याची गोल चकती असावी आणि तिचा भार खालच्या स्पंजवर न पडता त्यात उभ्या रोवलेल्या जाड नळ्यांवर पडावा. खोका केकच्या तळाएवढाच असावा, म्हणजे तळ आत सरकत नाही. मोटारीतील आसन मागे झुकलेले असते; खोका पायांजवळच्या सपाट जागेवर, खाली ओलसर जाड कापड घालून ठेवणे बरे. सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे मजले वेगवेगळ्या खोक्यांत नेऊन मुक्कामी पोहोचल्यावर रचणे. नक्षीकामाची हौस मोठी असली की नेमका हाच उपाय सुचत नाही. सोबत एका डब्यात उरलेले क्रीम, एक लांब सुरी आणि थोडे किसलेले चॉकलेट ठेवावे. निघण्यापूर्वी केकचे छायाचित्रही काढून ठेवावे.

एवढे करूनही केक कोसळला, तर पहिली गोष्ट म्हणजे त्याला हात लावू नये. घसरलेला मजला घाबरून लगेच उचलायला गेल्यास मऊ स्पंज हातातच तुटतो. खोका आहे तसा शीतकपाटात ठेवावा आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. पाहुणे जमत असताना ही अर्ध्या तासाची प्रतीक्षा फार जड जाते; परंतु लोणी पुन्हा घट्ट झाल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती शक्य नसते.

या वेळात केक खाण्यास योग्य आहे की नाही याचाही निर्णय करावा. दूध, मलई आणि अंडी यांच्या पदार्थांत ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. असे पदार्थ शीतकपाटाबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाहून अधिक नको, असा दंडक आहे. ताजी मलई भरलेला केक उन्हाच्या प्रवासात वितळला असेल, तर तो कितीही सुंदर दिसत असला तरी टाकून द्यावा. येथे मायेचा विचार करू नये. भरपूर साखर घातलेले बटरक्रीम त्या मानाने अधिक काळ टिकते. बेळगावच्या मुलीच्या केकमध्ये मलई नव्हती, म्हणूनच पुढचे सर्व शक्य झाले.

केक घट्ट झाल्यावर काय वाचले ते पाहावे. आवरणच तेवढे फाटले असेल तर सुरी कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तिने ते सपाट करावे आणि वर किसलेले चॉकलेट किंवा फळांच्या फोडी पसराव्यात. एक बाजू ढासळली असेल तर ती सरळ कापून टाकून गोल केकचा चौकोनी केक करता येतो. वरचा मजला पुन्हा चढवण्याचा मोह मात्र टाळावा. दुसऱ्यांदा तो हमखास घसरतो, आणि तेही सर्वांच्या डोळ्यांदेखत. दोन मजल्यांचे दोन वेगळे केक करणे सोपे.

स्पंजचे तुकडेच झाले असतील तर इंग्रजांच्या घरांतील एक जुनी युक्ती कामी येते. काचेच्या भांड्यात स्पंजचे तुकडे, त्यावर फळे, त्यावर कस्टर्ड असे थर रचून तयार होणाऱ्या पदार्थाला ट्रायफल म्हणतात. त्यात स्पंज तुटलेलाच लागतो. कस्टर्डची पूड आपल्याकडे किराणा दुकानातही मिळते. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती शोधली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. घरातील अडचणीतून निघालेला हा पदार्थ अशा दुसऱ्या अडचणीत उपयोगी पडावा हे योग्यच.

यापेक्षा अवघड काम राहते ते सांगण्याचे. कोसळलेला केक लपवून ठेवणारे, खोका कोणाला उघडू न देणारे, गाडी चालवणाऱ्या भावावर किंवा वडिलांवर चिडणारे पुष्कळ असतात. लांबलचक स्पष्टीकरणाने ऐकणाऱ्यालाच संकोच वाटतो. यजमानांपैकी एकाला बाजूला घेऊन “केक मोडला आहे, थोडा वेळ शीतकपाट लागेल” एवढे सांगितले तरी पुरते. यजमानांचीही येथे परीक्षा असते. “काही झालं नाही” असे म्हणणे सोपे, पण ते खोटे असते. ज्याने रात्र जागवली त्याला काहीतरी झालेले दिसत असते. त्यापेक्षा हाताला काम देणे अधिक बरे.

साखळीच्या घरात हेच झाले. मुलगी खोक्याशेजारी खाली बसून राहिली तेव्हा आजीने झाकण लावले आणि म्हटले, “अगो, बरीच मेहनत गेली तुझी. ऊठ, आंबे चिरायला घे.” मानकुराद आंब्यांचे दिवस होते. तासाभराने वरच्या मजल्याचे तुकडे, कस्टर्ड आणि आंब्याच्या फोडी यांनी काचेची दोन मोठी भांडी भरली. खालचा मजला एका बाजूने कापून चौकोनी केला गेला. अक्षरे पुन्हा लिहिण्याइतके क्रीम सोबत नव्हते, म्हणून उरलेला ‘आ’ सुरीने अलगद उचलून वर ठेवला. औक्षण झाले, आजोबांनी चष्मा पुसून केककडे पाहिले आणि विचारले, “आ म्हणजे काय, आजोबा की आजी?” हसणाऱ्यांत मुलगीही होती. तिने घरून काढून आणलेले छायाचित्र नंतर सर्वांनी पाहिले. वाटीतले कस्टर्ड मात्र त्याआधीच संपत आले होते.

संध्याकाळी परतताना तोच पुठ्ठ्याचा खोका मोटारीत ठेवला गेला, या वेळी पायांजवळ. आत पेंढ्यात मांडलेले मानकुराद आंबे होते.