लोकलच्या पोटातलं गणित

डोंबिवलीहून व्हीटीकडे जाणारी जुनी लोकल सुटली की मोटर डब्याखालून खट्... खट्... असा आवाज यायचा. पुढे विजेचं शिक्षण घेतल्यावर त्याचा अर्थ कळला. कॅमशाफ्ट एकेक रेझिस्टन्स सर्किटमधून बाहेर काढत असायचा. उभ्या डीसी मोटरीला 1500 व्होल्ट थेट देता येत नाहीत, म्हणून जादा दाब रेझिस्टन्सने खायचा आणि त्याची उष्णता हवेत सोडायची. ब्रेक लावल्यावर उरलेला वेगही घासूनच संपवायचा. दर स्टेशनला हेच. 3 फेब्रुवारी 1925ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासूनचं मूळ तत्त्व हे असं होतं.

उपाय कागदावर फार आधीच तयार होता. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडलं, की इंडक्शन मोटरच्या करंटचे गणिताने दोन भाग करा : एक चुंबकत्व राखणारा, दुसरा जोर देणारा. मग ही बिनब्रशची, दणकट मोटर डीसी मोटरइतकीच हुकमात राहते. पण त्यासाठी साइन-कोसाइनची आकडेमोड सेकंदाला शेकडो वेळा करायची, तीही धावत्या गाडीत. मायक्रोप्रोसेसर त्या तोडीचे झाले आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा यांनी विकसित केलेल्या आयजीबीटीसारखे झटपट उघडमीट करणारे स्विच हाती आले, तेव्हा कुठे ते गणित रुळांवर उतरलं.

डिजिटल म्हणजे आपोआप चपळ, हे मात्र मला मान्य नाही. करंट मोजायचा, हिशेब करायचा आणि तो पुढच्या स्विचिंगला लागू करायचा, यात उशीर होतोच. जुन्या अ‍ॅनालॉग सर्किटला ही वाट पाहावी लागत नसे. खरी कमाई आहे ती परिस्थिती पाहून नियमच बदलण्याची. पहिल्या पावसात रूळ निसरडे होतात. पूर्वी चाक घसरलेलं जाणवलं की मोटरमन नॉच, म्हणजे जोराची पायरी, खाली आणायचा. आता कंट्रोलर चाकांच्या वेगांवर सतत नजर ठेवतो, एखादं चाक मोकळं फिरू लागताच तिथला जोर उतरवतो आणि पकड आली की पुन्हा चढवतो.

2007 पासून मुंबईत सीमेन्सच्या यंत्रणेचे नवे रेक आले आणि खटखट जाऊन गुणगुण आली. ब्रेक लावला की तीच मोटर जनित्र होऊन वीज परत पाठवू लागली. रेल्वेच्या हिशेबाने वापरलेल्या विजेच्या साधारण एक तृतीयांश. दिवसभर दर दोन-चार मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीसाठी याहून मोलाची सुधारणा मला दिसत नाही. पण डीसी वायरवर एक अडचण होती. ती परत आलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसेल तर वायरचा दाब चढतो. मग कंट्रोलर जादा करंट पुन्हा रेझिस्टन्सकडेच वळवतो. म्हणजे उष्णता आलीच! 25 हजार व्होल्टच्या एसी वायरवर ती वीज सबस्टेशनमार्गे ग्रिडमध्ये जाऊ शकते.

पश्चिम रेल्वेचं एसी रूपांतर 2012मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं 2015मध्ये. हार्बर लाइन मागे राहिली होती. 9 एप्रिल 2016च्या रात्री शेवटची डीसी लोकल तिथेच धावली, कुर्ल्याहून सीएसटीकडे, म्हणजे जुन्या व्हीटीकडे.